नियम आधी की कृपा आधी?

आजचा भाग एका प्रश्नातून तयार झाला. नोएडात आमच्या अरुण विहारमध्ये सकाळी फिरताना एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलं, "सर, तुम्ही नेहमी देवाच्या कृपेबद्दल बोलता. पण शिक्षेची भीतीच काढून टाकली, तर माणूस नीट का वागेल?"

प्रश्न रास्त आहे. मी तीसहून अधिक वर्षं फौजेत काढली. नियमांशिवाय पलटण चालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून आधी कृपा म्हणजे काय ते साध्या भाषेत पाहू.

माझी पेन्शन ही कृपा नाही. ती मी नोकरी करून मिळवली आहे. तरीही दर नोव्हेंबरमध्ये मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तेव्हाच ती चालू राहते. कृपा याच्या उलट असते. ती कमावलेली नसते, म्हणून तिच्यासाठी दाखला लागत नाही. आईने बाळाला पाजावं, तशी ती आधी मिळते. बाळ शहाणं होतं ते नंतर.

पहिल्या शतकात गलतीया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये यावरूनच वाद पेटला. काही शिक्षक सांगू लागले की येशूवर विश्वास ठेवला तरी सुंता केल्याशिवाय तारण पुरं होत नाही. पौलाने त्यांना कडक पत्र लिहिलं. त्यात त्याने अंत्युखियातला एक प्रसंग सांगितला आहे. पेत्र तिथे यहुदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही माणसं आली, तसा तो त्या पंगतीतून उठला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला जाब विचारला. पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पौलाचं म्हणणं एवढंच होतं की ज्याला देवाने जवळ केलं, त्याला तुम्ही आणखी अटी घालू नका.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. सुट्टीवर झेलम एक्सप्रेसने पुण्याला घरी जाताना दौंड सुटलं की केडगाव स्टेशन झपकन मागे पडायचं. कित्येक वर्षं मी त्याकडे लक्षही दिलं नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन त्याच केडगावात आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि रमाबाईही आईकडून शिकल्या. उपास, दानधर्म, तीर्थयात्रा, सगळं शास्त्राप्रमाणे चाललं होतं. तरीही दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने वागवत होते. हे पाहून त्या थक्क झाल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बाप्तिस्म्यानंतर नव्या घरातले नियम समोर आले. चर्चचे अधिकारी सांगतील तो सिद्धांत जसाच्या तसा मान्य करा, अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी नम्रपणे, पण ठाम नकार दिला. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरं मानेवर घ्यायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. पुढे त्यांनीच लिहिलं आहे की ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी आठ वर्षं लागली. धर्म बदलूनही माणूस नियमांच्याच दावणीला राहू शकतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं. तेव्हा दोष एखाद्याच धर्माचा नाही. माझ्या स्वतःच्या चर्चमध्येही कोण पितो, कोण वर्गणी देत नाही, याचा हिशेब ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांत मीही होतो.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आसरा दिला. तिथे छापखाना, विणकाम, शेती अशी कामं होती, शिस्त होती. पण कोणीही आधी शिस्त दाखवून आत आली नव्हती. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या बायकांसाठी वेगळं घर होतं. त्याचं नाव कृपासदन. आधी दार उघडायचं, ताट वाढायचं, मग काम शिकवायचं, असा तो क्रम होता.

हा क्रम मी माझ्या घरात उलटा लावला होता. आमचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि ही गोष्ट त्याने आठ महिने लपवली. कळल्यावर मी त्याला समोर उभं करून जबाब घेतला, जवानाचा घ्यावा तसा. दोन वर्षं तो फक्त आईशी फोनवर बोलत होता. एकदा बायको म्हणाली, "तुमच्या घरात माफीसाठीसुद्धा अर्ज करावा लागतो." त्या रविवारी चर्चमध्ये कृपेवरचं गीत सुरू झालं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मी बंगळुरूला त्याच्या खोलीवर गेलो. मला दारात पाहून तो म्हणाला, "बाबा, निकाल विचारायला आलात?" मी म्हणालो, "नाही. जेवलास का?" तो गप्प राहिला, मग कुकर लावला. राहिलेल्या विषयांचं त्याने आपणहून सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. अजूनही मनातलं तो आधी आईलाच सांगतो. दोन वर्षांचं नुकसान दोन दिवसांत भरत नाही.

तर माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हे. भीतीने माणूस नीट वागतो, पण साहेब समोर असेपर्यंतच. नंतर तो लपवायला शिकतो. माझा मुलगा आठ महिने तेच करत होता. ज्याला आपण स्वीकारले गेलो आहोत हे कळतं, त्याला लपवायचं कारण उरत नाही. म्हणून कृपेने शिस्त संपत नाही. ती भीतीऐवजी कृतज्ञतेतून येते.

या आठवड्यात एक करून पाहा. तुमच्या घरात कुणाला अटींवर ठेवलं आहे, ते आठवा. त्याला फोन करा आणि आधी जेवलास का, एवढंच विचारा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.