वर्गणीची लेखणी

कचेरीत ज्यांची हयात गेली त्यांना टंकलेखन यंत्राचा खडखडाट अजून आठवत असेल. गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. एकदा घेतलेले असे यंत्र दोन-दोन हेडक्लार्क निवृत्त होईपर्यंत चालत असे. फीत बदलावी, अधूनमधून तेल द्यावे, एवढाच खर्च. यंदाची वर्गणी आली नाही, सबब जुनी पत्रे वाचा पण नवे पत्र लिहू नका, असे त्या यंत्राने कधी कोणाला बजावले नाही. आजचे कार्यालयीन सॉफ्टवेअर नेमके तेच बजावते.

मायक्रोसॉफ्टने २०११ साली ऑफिस ३६५ या नावाने वर्गणीची पद्धत सुरू केली आणि पाहता पाहता ती रूढ झाली. ही वर्गणी परवडते काय, या प्रश्नाचा विचार आपण बहुधा महिन्याच्या आकड्यावरून करतो, आणि महिन्याचा आकडा नेहमीच लहान दिसतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी मात्र आधी दुसराच प्रश्न विचारील : विक्रेत्याला विक्रीपेक्षा भाडे का आवडावे?

याचे उत्तर रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ सालच्या एका छोट्या निबंधात दिले आहे. टिकाऊ वस्तूच्या मक्तेदाराचा एक प्रतिस्पर्धी म्हणजे त्याने स्वतःच काल विकलेला माल. ज्याच्याकडे चालते यंत्र आहे तो नवे कशाला घेईल? या पेचातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे वस्तू विकायचीच नाही, भाड्याने द्यायची. झेरॉक्सने १९५९ सालचे आपले सुप्रसिद्ध यंत्र मुख्यतः भाड्यानेच दिले. आयबीएमची गणनयंत्रेही केवळ भाड्याने मिळत. १९५६ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीने ती विकणेही कंपनीला भाग पडले. पत्रलेखन आणि कोष्टके यांचे सॉफ्टवेअर तर झिजतही नाही. दहा वर्षांपूर्वीच्या प्रतीवर मुख्याध्यापकांचा अहवाल आजही तितकाच नीट उमटतो, आणि विक्रेत्याची अडचण हीच आहे.

भाडेकरूचा खरा धोका आजच्या भाड्यात नसून उद्याच्या भाडेवाढीत असतो. जानेवारी २०२५ मध्ये कोपायलट हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक जोडून मायक्रोसॉफ्टने घरगुती वर्गणीचे दर वाढविले. भारतात वैयक्तिक वर्गणी वर्षाला ४,८९९ रुपयांवरून ६,८९९ रुपयांवर गेली, म्हणजे सुमारे चाळीस टक्के वाढ. सहायक कोणी मागितला होता, हा प्रश्न गैरलागू ठरला. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण न्यायालयात गेले. जुन्या दराची, सहायकाविना मिळणारी योजना शिल्लक असूनही सुमारे सत्तावीस लाख ग्राहकांना तिची नीट कल्पना दिली नाही, असा दावा तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखल केला. कंपनीने पुढल्याच महिन्यात क्षमा मागून परताव्याची तयारी दाखविली. दाव्यातील म्हणण्यानुसार ती योजना वर्गणी रद्द करू लागलेल्या ग्राहकालाच दिसत असे. घर सोडतो म्हटल्यावर मालक जुन्या भाड्यावर येतो, हा अनुभव आपल्याकडील भाडेकरूंनाही नवा नाही.

तथापि सर्वांनाच वर्गणी महाग पडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सहा जणांचे कुटुंब एकच कौटुंबिक वर्गणी वाटून घेत असेल आणि प्रत्येकाला मिळणारी एक टेराबाइटची साठवण खरोखर वापरीत असेल, तर हिशेब बरा बसतो. एकट्याने पत्रे, गुणपत्रके, प्रश्नपत्रिका लिहिणाऱ्याचे गणित वेगळे. ऑफिस २०२४ ही एकदाच किंमत मोजून घ्यावयाची घरगुती आवृत्ती अमेरिकेत १५० डॉलरला निघाली आणि वैयक्तिक वर्गणी २०२५ मध्ये तेथे वर्षाला १०० डॉलर झाली. आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. पाच वर्षांचे १५० की ५००? ती एकाच यंत्रावर चालते आणि साठवण देत नाही हे खरे. पण कारकुनाचे यंत्र तरी असते किती?

आणि लिब्रेऑफिस तर विनामूल्य आहे. २०१० पासून चालू असलेल्या या प्रकल्पात युनिकोड मराठी व्यवस्थित लिहिता येते आणि फाइल वर्डच्या स्वरूपातही जतन करता येते. जर्मनीच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली आपले तीस हजार संगणक त्यावर नेण्याचे ठरविले. म्युनिक शहराने मात्र अशाच प्रयोगानंतर २०१७ साली पुन्हा विंडोजकडे जाण्याचा निर्णय घेतला, हेही सांगितले पाहिजे. गुंतागुंतीची एक्सेल कोष्टके हलविताना त्रास होतो. सवय मोडताना त्याहून अधिक. आपल्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना झोहो हे स्वदेशी सॉफ्टवेअर वापरण्यास सांगितले. पैसा देशात राहील, ठीकच. पण घरमालक बदलला म्हणून भाडेकरू मालक होत नाही.

माझ्या डोळ्यांपुढे तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण सहकारी आहेत. त्यांचे मानधन महिनोन्‌महिने रखडते, वर्गणीची तारीख रखडत नाही. ती चुकली की स्वतःच्याच प्रबंधाचे प्रकरण वाचता येते, छापता येते, दुरुस्त करता येत नाही. त्यांना लिब्रेऑफिस सुचविले की ते विद्यापीठाचे परिपत्रक पुढे करतात : ‘माहिती अमुक कंपनीच्या अमुक आवृत्तीतच पाठवावी.’ हे वाक्य काढण्यास एक पैसाही खर्च नाही. विद्यापरिषदेच्या पुढील सभेत तसा ठराव मांडावा म्हणून आमच्या प्रतिनिधींना मी पत्र दिले आहे. ते लिब्रेऑफिसवरच लिहिले आहे.