क्वेबेकमधील इंग्रजी शाळा : वारशाने लाभणारा प्रवेश
क्वेबेक प्रांतात सार्वजनिक इंग्रजी शाळेतील प्रवेश मुलाच्या मातृभाषेवरून ठरत नाही. तो सामान्यतः पालकांच्या शालेय शिक्षणावरून ठरतो. १८६७ च्या घटनाकायद्याने शाळांना संरक्षण दिले ते पंथाच्या नावाने, भाषेच्या नव्हे. शाळामंडळेही १९९८ पर्यंत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशीच होती. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेने पालकांचे प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्येच इंग्रजीतून झालेले असावे, अशी अट घातली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कॅनडात कोठेही झालेले असे शिक्षण ग्राह्य ठरले. याचा परिणाम मोठा विलक्षण आहे. आजी इंग्रजीभाषक, वडील इंग्रजी शाळेत शिकलेले, घरची भाषा मात्र फ्रेंच, अशा मुलाला हा हक्क चालत येतो. परदेशातून नुकत्याच आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबातील मुलाला तो सहसा नाही. फ्रेंचबहुल लहान गावात इंग्रजी शाळेचा पट टिकतो तो पुष्कळदा अशा फ्रेंच बोलणाऱ्या वारसदारांमुळेच.