सर्व्हिसचा जोर येतो कुठून?

टेनिसमधली वेगवान सर्व्हिस कशाच्या जोरावर होते, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले दंड फुगवून दाखवतील, उरलेली मनगट झटकतील. ही उत्तरे अगदीच चूक नाहीत, पण अपुरी आहेत. आणि या अपुरेपणाची किंमत खेळाडूच्या खांद्याला मोजावी लागते.

आधी थोडा हिशेब करू. चेंडूचे वस्तुमान सुमारे ५८ ग्रॅम. २०१६ साली डेव्हिस चषकाच्या सामन्यात अमेरिकेच्या जॉन इस्नरची सर्व्हिस ताशी २५३ कि.मी. वेगाची नोंदली गेली होती. आपण २००च धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ५५ मीटर. या चेंडूची गतिज ऊर्जा ९० ज्यूलच्या आसपास भरते. नऊ किलोचे ओझे एक मीटर वर उचलायला लागते तेवढीच! अडचण ऊर्जेची नाही, वेळेची आहे. तारांचा आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम ५ सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्यात स्नायूंना नवे काही करता येत नाही. रॅकेटला वेग आधीच मिळालेला असावा लागतो.

त्याची सुरुवात पायांपासून होते. खेळाडू गुडघे वाकवून जमीन खाली रेटतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन त्याला वर ढकलते. हा रेटा कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट असा चढत जातो. जड भाग आधी फिरतो. तो मंदावू लागला की त्याची गती पुढच्या हलक्या भागाकडे जाते. चाबूक मारणाऱ्याचा हात थोडाच हलतो, टोक मात्र कडाडते, तसेच काहीसे. फरक इतकाच, की इथे वाटेतला प्रत्येक स्नायू आपली भर घालतो.

सर्वांत मोठी भर मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोपर खांद्याच्या रेषेत बाजूला धरा, काटकोनात वाकवा, पंजा छताकडे. आता कोपर जागचे न हलवता पंजा पुढे खाली आणा. दंड स्वतःच्याच अक्षाभोवती आत फिरला. सर्व्हिस करताना पाय वर रेटा देतात तेव्हा रॅकेट पाठीमागे खाली पडते, दंड उलट पिळला जातो आणि छातीचे व खांद्याचे स्नायू ताणलेल्या रबरासारखे सज्ज होतात. मग हा पीळ सुटतो. ऑस्ट्रेलियातील ब्रूस एलियट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये केलेल्या मोजमापात रॅकेटच्या पुढच्या वेगातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा या फिरण्याचा निघाला. मनगटाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास होता.

आता पाय आळशी राहिले तर? अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद बेन किबलर यांच्या हिशेबाप्रमाणे कंबर व धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर हाताला तेवढीच ऊर्जा पोचवण्यासाठी खांद्याला आपला फिरण्याचा वेग ३४ टक्के वाढवावा लागतो. बरे, पुढे सुटलेला हा हात थांबवायचा असतो खांद्यामागच्या लहानशा स्नायूंनी. 'मनगट झटक' एवढेच ऐकत वाढलेल्या मुलांचे खांदे का दुखतात, हे इथे कळते.

मैदानावर पाहायचे असेल तर मुलाला उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून बसवा आणि रबरी चेंडू फेकायला सांगा. मग उभे राहून, गुडघे वाकवून फेकू द्या. दोन्ही अंतरे मोजा. बसून फेकताना उभ्याइतके अंतर गाठण्याचा हट्ट मात्र कोणाला करू देऊ नका.