डोंगर पेटतो तेव्हा कायदा कुठे असतो?

फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी वरसे गावातून डोंगराकडे नजर टाकली, तर एखादी तांबडी रेघ हळूहळू वर चढताना दिसते. मुंबईचा पाहुणा विचारतो, ‘‘तिकडे दिवे कसले लागलेत?’’ गावातला माणूस मानही वर न करता सांगतो, ‘‘वणवा आहे.’’ पाऊस आला, थंडी पडली, तसा वणवा आला! मी रोह्याच्या कोर्टात वकिली करतो आणि मला हे उत्तर खटकतं. फांदीवर फांदी घासून आग लागते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आपल्याकडे वणवा बहुतेक वेळा कुणीतरी लावलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी हातून सुटलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे आले. सात वर्षं जोपासलेली हापूसची चाळीस कलमं एका दुपारी होरपळून गेली होती. ‘‘वकीलसाहेब, केस घालायची आहे.’’ मी विचारलं, ‘‘कुणावर?’’ ते गप्प झाले. नाव त्यांना ठाऊक होतं, पण तो बांधाला बांध लागलेला शेजारी. त्याच्या मुलीच्या लग्नात हेच पुढे होऊन वाढायला होते.

मी दुसरा प्रश्न विचारला, ‘‘आग पहिल्यांदा कुठल्या जमिनीवर लागली?’’ त्यांना तो उगाचच्या चौकशीसारखा वाटला. पण वणव्याच्या बाबतीत सगळं तिथूनच ठरतं. डोंगर आपल्याला एकसंध दिसतो. कायद्याला तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो.

राखीव वनात आग लावली, किंवा वनाला धोका होईल अशी आग नियम मोडून पेटवली अथवा तशीच सोडली, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू होतं. मूळ कायद्यात सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. महाराष्ट्राने दुरुस्ती करून ती वाढवली. शिवाय वनाचं जे नुकसान होईल त्याची भरपाई कोर्ट वसूल करू शकतं. संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. आणि अभयारण्य असेल, म्हणजे आपल्या रोहा-मुरूडच्या सीमेवरचं फणसाड, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३०. तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाख रुपयांपर्यंत.

हे ऐकून माझ्या अशिलांचे डोळे चमकले. पण त्यांची आग सुरू झाली होती शेजाऱ्याच्या मालकीच्या वरकस जमिनीत, आणि पोचली त्यांच्या मालकीच्या बागेत. मध्ये वनखात्याची जमीन आलीच नाही. वनरक्षक म्हणाला, ‘‘हद्द आमची नाही.’’ त्याचंही बरोबरच होतं. राहिला फौजदारी कायदा. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २८५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे. आगीबाबत निष्काळजीपणा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुकसान करण्याच्याच हेतूने आग लावली असेल तर कलम ३२६, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र हेतू सिद्ध करावा लागतो. शेजारी तर आपला राब भाजत होता. त्याचा हेतू भाताची रोपं चांगली यावीत एवढाच!

राबाबद्दल थोडं सांगायला हवं. कोकणात रोपवाटिकेच्या जागेवर कवळ, गवत, शेण, पातेरा पसरून तो पावसाआधी भाजतात. तण मरतं, राख मिळते, पेरा जोमाने येतो. ही पद्धत फार जुनी आहे आणि सरकारशी तिचं भांडणही जुनंच. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, इथल्या लोकांच्या जंगलविषयक तक्रारी ऐकायला मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला होता. त्यापुढच्या तक्रारींत राबाच्या कवळीचा प्रश्न मोठा होता. त्यामुळे ‘राब बंद करा’ असं शहरातून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. पहाटे वारा पडलेला असताना, भोवती चर किंवा साफ पट्टा करून, दोन माणसं उभी ठेवून भाजलेला राब कुठे जात नाही. पश्चिमेचा वारा सुटल्यावर दुपारी भर उन्हात पेटवून माणूस जेवायला गेला की तो राब राहत नाही, वणवा होतो. गवत चांगलं फुटावं म्हणून, डुकरं उठवण्यासाठी किंवा नुसतीच गंमत म्हणून जे डोंगर पेटवतात, त्यांच्यासाठी मात्र माझ्याकडे कसलीही सबब नाही.

बरं, गुन्हा राखीव वनातला असला तरी पुढे काय होतं? कलम ६४ प्रमाणे वन अधिकारी किंवा पोलीस, वाजवी संशय असल्यास, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण अटक कुणाला करायची? चोरलेल्या लाकडाचा ओंडका सापडतो, शिकाऱ्याची बंदूक सापडते. वणव्यात पुरावा म्हणजे राख, आणि काडी तर त्याच आगीत जळून गेलेली. आता उपग्रह आहेत. भारतीय वन सर्वेक्षण ही डेहराडूनची संस्था २००४ पासून त्यांच्या आधारे आगीच्या सूचना देते, आणि त्या मोबाईलवरही येतात. पण त्यातल्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जवळपास ३५ एकर. हा उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. संध्याकाळी पाचला लावलेली गवताची आग रात्री दीडपर्यंत विझूनही गेलेली असते. आणि उपग्रह आग दाखवतो, माणूस दाखवत नाही. माणूस पाहणारा असतो तो गावातलाच, आणि तो माझ्या अशिलांसारखा गप्प बसतो.

या गप्प बसण्याबद्दल कायदा काय म्हणतो, ते फार थोड्यांना माहीत आहे. राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांना गुरं चारायचा किंवा लाकूडफाटा आणायचा हक्क वा परवानगी आहे, त्यांच्यावर कलम ७९ ने बंधन घातलं आहे. वनगुन्ह्याची माहिती असेल तर ती वन किंवा पोलीस अधिकाऱ्याला कळवायची, आणि कुणी सांगण्याची वाट न पाहता आग विझवायला लागायचं. हे न करणं हाही गुन्हा आहे. त्याहून कडक आहे कलम २६ चं तिसरं पोटकलम. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क ठरावीक काळ स्थगित करू शकतं. काडी एकाने ओढायची आणि चराई साऱ्या गावाची बंद! मला ही तरतूद अन्यायाची वाटते. नाव सांगायला घाबरणाऱ्या गरिबावर तिचा भार सर्वांत जास्त पडतो.

माझ्या अशिलांनी शेवटी केस घातली नाही. भरपाईचा दिवाणी दावा किती वर्षं चालेल, हे मी त्यांना खरं तेच सांगितलं, आणि शेजाऱ्याला माझ्या ऑफिसात बोलावून घेतलं. दीड तास बोलाचाली झाली. शेजाऱ्याने पुढच्या पावसात वीस कलमं आणून दिली. तेव्हापासून दोघे मिळून दर जानेवारीत बांधावरून पाच हात रुंदीचा पट्टा बेणतात. वनखातं याला जाळरेषा म्हणतं. राब भाजायचा दिवस एकमेकांना आधी कळवतात. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाईनचा नंबर दोघांच्याही ओटीवर कोळशाने लिहिलेला मी पाहिला आहे.

त्यानंतर एकदा वरचा डोंगर पुन्हा पेटला. कुणी पेटवला, कळलं नाही. दोन्ही घरची माणसं ओले टहाळे घेऊन पट्ट्यावर उभी राहिली. आग तिथे थांबली, पण उडालेल्या ठिणग्यांनी खालची तीन कलमं गेलीच. आता पट्टा आणखी दोन हात रुंद करायचं त्यांच्यात ठरलं आहे.