मत्स्यालयाचे रूपांतर, घरगुती

थंड पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्याचे मासे पाळता यावेत म्हणून पाण्याचे तापमान, गाळणी, वनस्पती व माशांची संख्या यांत क्रमाक्रमाने जो बदल करतात, त्यास मत्स्यालयाचे रूपांतर म्हणतात. टाकीत विद्युत् तापक बसविला की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. नव्याने आणलेले मासे दगावतात ते बहुधा गारठ्याने नव्हे, तर पाणी तापत असतानाच गाळणीतील सूक्ष्मजंतूंचा नाश झाल्यामुळे. टाकी रिकामी करून स्वच्छ धुणे व लगेच भरणे, ही वरकरणी निर्दोष वाटणारी पद्धत यासाठीच सर्वांत धोक्याची ठरते.

इतिहास : घरगुती मत्स्यालयाचा आरंभ थंड पाण्यातच झाला. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० च्या सुमारास लंडनमध्ये सु. १२ गॅलन पाण्याच्या पात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून त्यांचे परस्परावलंबन दाखवून दिले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यगृह १८५३ मध्ये सुरू झाले. पॅरिसमध्ये प्येअर कार्बोनिए यांनी १८६९ मध्ये आणविलेला पॅरडाइज फिश हा यूरोपात बाहेरून येऊन पैदास झालेल्या आरंभीच्या शोभेच्या माशांपैकी होय. त्या काळी पाणी गरम राखण्यासाठी टाकीच्या पाटीच्या दगडाच्या किंवा धातूच्या तळाखाली तेलाची वा गॅसची ज्योत ठेवीत. विसाव्या शतकात थर्मोस्टॅटयुक्त विद्युत् तापक आले आणि हा छंद सोपा झाला. ब्रिटनसारख्या देशांत हिवाळ्यात घरातील पाणी १५° ते १८° से.पर्यंत उतरत असल्याने गोल्डफिशची टाकी उष्णजलीय करण्याचा प्रश्न मुख्यतः तेथील आहे.

तापमानाचे परिणाम : पाणी जितके उबदार, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला हवेशी संपृक्त असलेल्या गोड्या पाण्याच्या एका लिटरात १५° से.ला सु. १०·१ मिग्रॅ., तर २५° से.ला सु. ८·३ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो. याउलट माशांचा चयापचय तापमान १०° से.ने वाढल्यास सामान्यतः दुपटीच्या आसपास वाढतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. अमोनियाच्या बाबतीत स्थिती अधिक नाजूक असते. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात काही अंशी आयनरूपात व काही अंशी मुक्त रूपात असतो; विषारी असतो तो मुख्यतः मुक्त अमोनिया. पीएच मूल्य ८ असलेल्या पाण्यात १५° से.ला एकूण अमोनियाचा सु. २·७ टक्के भाग मुक्त असतो, तर २५° से.ला तो सु. ५·४ टक्के होतो. थंड टाकीत जे प्रमाण मासे कसेबसे सोसत होते तेच ऊब आल्यावर दुप्पट घातक होते.

गाळणीतील सूक्ष्मजंतू : अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर पुष्कळ कमी विषारी अशा नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू गाळणीतील स्पंज, तळाची वाळू व काचा यांच्या पृष्ठभागांवर चिकटून वाढतात, मोकळ्या पाण्यात ते फारसे नसतात [→ नायट्रोजन]. नायट्राइटाचे ऑक्सिडीकरण नायट्रोबॅक्टर करतात असे दीर्घकाळ मानीत; तथापि गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरासारखे सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये ज्ञात झाले. हे जीव सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जुनी टाकी रूपांतरित करण्याचा खरा लाभ हाच, की ही वाढ आयती मिळते.

म्हणून जुने पाणी काढावयाचे झाले तरी गाळणी चालूच ठेवतात. स्पंज मळलेला असल्यास टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून परत बसवितात. क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याखाली तो धूत नाहीत. वाळूतील घाण नळीने शोषून काढतात, मात्र एका वेळी थोड्याच भागातील. गोल्डफिश हलविल्यावर टाकी माशांवाचून राहणार असेल, तर सूक्ष्मजंतूंना अन्न म्हणून अमोनियम क्लोराइड देता येते. शंभर लिटर पाण्यात सु. ०·३ ग्रॅ. टाकल्यास लिटरमागे सु. १ मिग्रॅ. अमोनिया मिळतो. तो चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्यावर आले, तर गाळणी सक्षम आहे असे समजतात. ही चाचणी नव्या उष्ण तापमानालाच करावी लागते.

गोल्डफिशची व्यवस्था : गोल्डफिश (कॅरॅशियस ऑरॅटस) २४°–२५° से.ला लगेच मरत नाही आणि त्यामुळेच त्यास निऑन टेट्रासारख्या माशांबरोबर ठेवण्याचा मोह होतो. परंतु तो कोवळ्या पाणवनस्पती व तोंडात मावणारे मासे खातो, अन्य लहान माशांच्या मानाने विष्ठा पुष्कळ टाकतो व वर्षानुवर्षे वाढत राहतो. साधा गोल्डफिश ३० सेंमी.पर्यंत लांब होऊ शकतो. त्याची रवानगी मोठ्या टाकीत वा बंदिस्त हौदात करणे योग्य. नदीत किंवा तळ्यात सोडणे ही दया नव्हे. उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील अनेक जलाशयांत अशा रीतीने सोडलेल्या गोल्डफिशांची वस्ती झाली आहे; भारतातील पुष्कळ जलाशयांत दक्षिण अमेरिकेतील चोषक तोंडाच्या मार्जारमीनांचा झालेला उपद्रव याच जातीचा होय.

तापक व तापमानवाढ : खोलीपेक्षा पाणी ५°–८° से.ने उष्ण राखावयाचे असल्यास दर लिटरला सु. एक वॉट शक्ती पुरते. शंभर लिटर पाणी १८° वरून २५° से.पर्यंत नेण्यास १०० वॉट तापकाला उष्णता मुळीच वाया गेली नाही असे धरले, तरी आठ तास लागतात, प्रत्यक्षात अधिक. ही मंद गती हितकारकच असते. टाकीत जीव असल्यास रोज १°–२° से. एवढीच वाढ करतात. एका मोठ्या तापकाऐवजी निम्म्या शक्तीचे दोन वापरणे श्रेयस्कर. थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकून राहिल्यास पाणी उकळीसारखे तापत नाही व एक बंद पडल्यास दुसरा काही काळ तग धरवितो. तापक गाळणीच्या प्रवाहाजवळ बसवितात. पाण्याची पातळी खाली नेण्यापूर्वी तो बंद करून पंधरावीस मिनिटे निवू द्यावा लागतो, अन्यथा उघडी पडलेली काच तडकते. टाकीत हात घालण्यापूर्वी विद्युत् पुरवठा तोडणे अत्यावश्यक असते.

पाण्याची तयारी : गोल्डफिशच्या जुन्या टाकीत नायट्रेट साचलेले व नायट्रीकरणाने क्षारता संपून पीएच मूल्य बरेच उतरलेले असते. जुने मासे त्यास सावकाश सरावलेले असतात. नवे मासे सरावलेले नसतात. दोन-तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, चतुर्थांश पाणी बदलून टाकीचे पाणी नळाच्या पाण्याच्या जवळ आणतात. क्लोरीन चोवीस तास हवा खेळवून निघून जातो. क्लोरामीन मात्र तसा जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटासारखे द्रव्य वापरतात व सुटणारा अमोनिया गाळणीवर सोपवितात.

माशांची निवड : आरंभी झेब्रा फिश (डॅनिओ रेरिओ) किंवा प्लॅटी यांसारखे काटक मासे पाच-सहा संख्येने सोडून दोन-तीन आठवडे अमोनिया व नायट्राइट मोजतात. त्यानंतर हार्लेक्विन रॅस्बोरा, कोरिडोरस व शेवटी निऑन टेट्रा आणतात. निऑन टेट्रा मूळचा पश्चिम ॲमेझॉन खोऱ्यातील असून त्यास मृदू पाणी मानवते. डिस्कसला २८° से.हून अधिक उष्ण पाणी लागत असल्याने तो या समूहात बसत नाही. चीनमधील व्हाइट क्लाउड मिनो हा उलट १८°–२२° से.ला अधिक सुखी असतो. टाकी उष्ण होऊन काही दिवस माशांवाचून राहिल्यास आणखी एक फायदा होतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निर्माण करणाऱ्या इक्थिऑप्थिरियस या परोपजीवी आदिजीवाचे जीवनचक्र २५° से.ला सु. आठवड्यात पुरे होते व त्याची पोहणारी अवस्था मासा न मिळाल्यास एक-दोन दिवसांत मरते. थंड पाण्यात हेच चक्र महिन्याहूनही लांबते.

महाराष्ट्रातील स्थिती : कोकण किनाऱ्यावर घरातील पाणी वर्षाचा बराच काळ २५°–३०° से. असते, म्हणजे टाकी मुळातच उष्णजलीय असते व अवघडलेला असतो तो गोल्डफिशच. पुणे, नासिक यांसारख्या पठारी भागांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी २०° से.च्या खाली जाऊ शकते, तेव्हा लहान तापक पुरतो. टाकीच्या मागे व तळाशी थर्मोकोल लावल्यास वीज गेल्यावर उष्णता काही तास टिकते. विदर्भातील उन्हाळ्यात तापकापेक्षा पाणी निवविण्याची गरज अधिक. तेथे टाकीवरील झाकण काढून जाळी बसवितात व पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याने वारा घालतात. बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, परंतु पाणी आटून त्यातील क्षार मागे राहत असल्याने केवळ भर न घालता काही पाणी काढून बदलावेही लागते.