नळीपाशी दुसरं माणूस हवं

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजनच्या नळीसह घरी सोडतात, तेव्हा अतिदक्षता विभागात तीन पाळ्यांत वाटलेलं काम एकट्या आईच्या अंगावर येतं. नाकातली नळी सरकली नाही ना, चिकटपट्टीखाली गालाची कातडी सोलवटली नाही ना, प्रवाह डॉक्टरांनी लिहून दिला तेवढाच आहे ना, हे पुन्हा पुन्हा बघायचं. कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतला नायट्रोजन काढून ऑक्सिजन पुरवतो, पण विजेवर. लाइट गेले की भरलेला सिलिंडर जोडता आला पाहिजे. त्या खोलीत निरांजन नाही, न्हाणं झाल्यावर ओव्याची धुरी नाही, नाकातोंडाजवळ तेलाचा हात नाही. ऑक्सिजनजवळ आग झपाट्यानं भडकते आणि धूर दुबळ्या फुप्फुसांना आणखी दुखावतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणंही तिच्याकडेच. सगळ्यांत अवघड ऑक्सिमीटर वाचणं. बाळानं पाय झाडला तरी आकडा घसरतो, यंत्र ओरडतं. म्हणून आधी बाळाकडे बघायचं. ओठांचा रंग, बरगड्यांखाली पडणारे खळगे, दूध ओढताना लागणारी धाप. प्रवाह मनानं बदलायचा नाही: ऑक्सिजन कमी पडला तर हृदयावर ताण येतो, वाढ खुंटते, जास्त झाला तर पुरती वाढ न झालेल्या डोळ्यांच्या पडद्याला बाधतो. ही परिचारिकेची विद्या आहे.

आईला हे शिकवावं लागत नाही, माया सगळं शिकवते, असं म्हटलं जातं. माया जागं ठेवते; सिलिंडरचा व्हॉल्व्ह कुणीतरी शिकवावाच लागतो, आणि रात्रीमागून रात्री जागलेल्या माणसाचं लक्ष चुकतं, ती आई असली तरी. मग बाळ रुग्णालयातच ठेवावं का? नाही. तिथं जंतुसंसर्गाची भीती आहे, खर्च आहे, ती खाट दुसऱ्या बाळाला हवी आहे. घरी त्याला हवं तेव्हा उराशी धरता येतं. घर बरोबरच आहे, आईला तिथं एकटं सोडणं चूक आहे. नोकरदार आईची 26 आठवड्यांची रजा बाळ काचेच्या पेटीत असतानाच सरू लागते, मजुरीवर जाणारीला तीही नाही, आणि खासगी नोकरीतल्या बापाला पितृत्व रजेचा कायदाच नाही. रजेचे कायदे बदलायला वेळ लागेल. रुग्णालयांना मात्र एक गोष्ट आजच करता येईल: आई आणि घरातलं आणखी एक माणूस, शक्यतो बाप, या दोघांनी नळी बदलून, सिलिंडर जोडून आणि श्वास अडला तर काय करायचं ते करून दाखवल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नये.