दुसऱ्या शनिवारची मंडळी

फुकट मिळणाऱ्या वस्तूमागेही कुणाचा तरी वेळ खर्ची पडलेला असतो. चेन्नईच्या लिनक्सप्रेमींनी तो वर्षानुवर्षे हसतमुखाने दिला.

महिन्याचा दुसरा शनिवार. दुपारची वेळ. चेन्नईच्या आयआयटीच्या आवारात झाडांच्या सावलीला हरणे चरत असतात. हत्तींच्या पुतळ्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या गजेंद्र सर्कलजवळ विमानशास्त्र विभाग आहे. तिथल्या एका वर्गात हळूहळू माणसे जमू लागतात. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार, कुणी शिक्षक. प्रवेश फी नाही की हारतुरे नाहीत. कुणीतरी नवे काही शिकलेले असते, ते तो इतरांना दाखवतो. मग प्रश्नोत्तरे सुरू होतात आणि बोलता बोलता संध्याकाळ होते.

वर्षानुवर्षे असे जमणाऱ्या या मंडळींचे नाव 'इंडिया लिनक्स युजर्स ग्रुप, चेन्नई'. जानेवारी १९९८ पासून हा गट लिनक्सचा प्रसार करीत आला आहे. महिन्यातून एकदा भेट आणि एरवी ई-मेलवरून अडल्यानडल्याला उत्तर, असा त्याचा शिरस्ता. कोरोनाच्या काळात वर्ग बंद झाले, तेव्हा या भेटी पडद्यावर होऊ लागल्या.

लोणच्याची कृती आणि लिनक्स

संगणक सुरू केल्यावर पडदा, कळफलक, छपाईयंत्र या सर्वांना कामाला लावणारी मुख्य आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज हे त्यातले सर्वांच्या ओळखीचे नाव. लिनक्स ही तशीच, पण वेगळ्या रीतीची. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींसाठी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रयत्नांचा मेळ बसला.

बाजारातले लोणचे विकत आणले तर बरणी मिळते, कृती मिळत नाही. लिनक्समध्ये बरणीबरोबर कृतीही हाती येते. ती वाचा, आपल्या चवीप्रमाणे बदला, शेजारणीला द्या. अट एवढीच, की बदललेले लोणचे दुसऱ्याला दिलेत तर बदललेली कृतीही त्याच्यापासून लपवायची नाही. १९९२ पासून लिनक्स याच अटीवर वाटले जाते.

आज अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. म्हणजे ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, तेही दिवसातून अनेकदा ते वापरतात.

सीडीच्या देवघेवीचे दिवस

१९९८ मध्ये मात्र ही गोष्ट इतकी सोपी नव्हती. घरोघरी इंटरनेट नव्हते. होते तिथे ते टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालायचे. त्यावरून आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उतरवून घेणे म्हणजे थेंबाथेंबाने हौद भरणे. 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली आणि अनेकांची लिनक्सशी पहिली गाठ त्या सीडीनेच घालून दिली. एकाने सीडी मिळवायची, दहाजणांनी तिच्या प्रती करायच्या. यात चोरी नव्हती, कारण प्रत करण्याची परवानगी लिनक्ससोबतच आलेली असे.

पण सीडी मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. कधी आवाज येईना, कधी मोडेम दाद देईना. अशा वेळी धीर देणारे माणूस लागे. चेन्नईच्या गटाने नेमके तेच काम केले. उत्तर देणारा कुठल्या कंपनीचा पगारी नोकर नसे. कालपर्यंत तो स्वतःच तिथे अडलेला असे, एवढाच त्याचा अधिकार.

या गटात सतत वावरणारे एक नाव म्हणजे निलगिरीच्या डोंगरात राहणारे केनेथ गोन्साल्विस. पायथन या संगणकीय भाषेचा भारतात प्रसार करण्यासाठी त्यांनी आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे वेचली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षापासून त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जाऊ लागला, तोही या क्षेत्रात निरपेक्षपणे झटणाऱ्यांना.

सरकारी दारी

हौशी मंडळींचे हे वेड पुढे सरकारी दारीही पोहोचले. २००५ मध्ये मुक्त आज्ञावलींसाठीचे राष्ट्रीय केंद्र चेन्नईत सुरू झाले. अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट येथील आवारातले संशोधन केंद्र आणि सी-डॅकची चेन्नई शाखा यांनी मिळून ते चालवले. त्यातूनच 'बॉस' ही भारतीय लिनक्स २००७ मध्ये बाहेर पडली. तिच्यात तमिळप्रमाणे मराठीचीही सोय आहे. त्याच सुमारास तमिळनाडूच्या 'एल्कॉट' या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने आपल्या कार्यालयातले संगणक लिनक्सवर नेले.

२०११ मध्ये राज्य सरकारने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. त्यांत विंडोजच्या जोडीला 'बॉस'ही दिलेले होते. पण नुसते यंत्र हाती देऊन भागत नाही. खेड्यातल्या मुलीच्या लॅपटॉपवर तमिळ अक्षरे उमटली नाहीत, तर तिने विचारायचे कुणाला? उत्तर इंग्रजीत मिळाले तर ते तिला कितपत उमजणार?

म्हणून चेन्नई आणि कांचीपुरमच्या लिनक्सप्रेमींच्या वर्तुळातून २०१२ मध्ये 'कणियम' हे तमिळ नियतकालिक निघाले. लिनक्स आणि मुक्त आज्ञावलींची माहिती सोप्या तमिळमध्ये, आणि कुणीही प्रत करावी अशा मोकळ्या परवान्याखाली. पाठोपाठ तमिळ पुस्तके मोफत देणारा उपक्रमही उभा राहिला.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी 'लोहित' नावाचे फाँट खुले केले आणि तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यांची निगा राखली. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन. त्यांच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' ही हिशेबाची मुक्त आज्ञावली तयार झाली. कृती उघडी असली की तिच्यात आपली भाषा आणि आपली गरज मिसळता येते, ती अशी.

बातम्यांवर नजर कशासाठी?

या मंडळींच्या गप्पांत जगभरच्या संगणक व्यवसायातल्या घडामोडी हटकून निघतात. त्यामागे नुसती हौस नाही. दूरदेशी घेतलेला एखादा निर्णय चेन्नईतल्या छोट्या कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोहोचतो.

'सेंटओएस' ही लिनक्सची मोफत आवृत्ती अनेक संस्था वापरीत असत. तिची सूत्रे रेड हॅटकडे होती आणि ही कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, की जी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असे सारे धरून बसले होते, ती २०२१ अखेर बंद होणार. अनेकांच्या तोंडचे पाणी पळाले. पण कृती जगजाहीर होती. काही महिन्यांतच तिच्याच आधारे 'रॉकी' आणि 'अल्मा' या दोन नव्या मोफत आवृत्त्या उभ्या राहिल्या. ज्याला बातमी वेळेवर कळली, त्याने आपली व्यवस्था वेळेवर केली.

सतरंज्या कोण घालणार?

तरी या साऱ्या कहाणीला एक हळवी बाजू आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की त्याच्या संगणकावर प्रवेश घ्यायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने खोदून पाहिले, तर 'एक्सझेड' या फाईल आटोपशीर करणाऱ्या छोट्या आज्ञावलीत कुणीतरी चोरदरवाजा ठेवलेला निघाला. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत तो शिरणारच होता.

हे घडले कसे? ही आज्ञावली फिनलंडमधला एक गृहस्थ बिनपगारी सांभाळीत होता. तो थकला होता, मनःस्वास्थ्यही ठीक नव्हते आणि तसे त्याने २०२२ मध्ये उघडपणे लिहिलेही होते. पण धीर देण्याऐवजी काहींनी कामाचा तगादाच लावला. अशा वेळी मदतीचा हात पुढे करून, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून एका टोपणनावाच्या माणसाने डाव साधला.

गल्लीतल्या गणेशोत्सवाचे कौतुक सगळे करतात. सतरंज्या घालणारी आणि शेवटी उचलणारी माणसे मात्र चारच असतात. ती थकली की उत्सव थकतो. लिनक्सचेही तसेच आहे. तिथे अडलेल्याला उत्तर मिळते आणि दोष आढळला तर दुरुस्त होतो, कारण कुठेतरी कुणीतरी आपली संध्याकाळ त्यासाठी देतो.

चेन्नईच्या मंडळींनी शोधलेला उपाय साधा आहे. ओझे एकाच्या खांद्यावर राहू द्यायचे नाही. आज शिकलेल्याने उद्या शिकवायचे. दुसऱ्या शनिवारी मागच्या बाकावर संकोचून बसलेला मुलगा पुढे कधीतरी फळ्यापाशी उभा राहतो. एकदा तो फळ्यापाशी आला, की मागच्या बाकावर दुसऱ्या कुणासाठी जागा होते.